शांत पट्ट्यातला वाघ

ग्वेइयांग, ३ जुलै

दादा,

पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण नाक्यावर तुझा मोबाइल पेटीत बंद असतो. नाक्याच्या फोनवरचं सगळं बोलणं साठवलं जातं. आणि सुटीत तू घरी असतोस तेव्हा बाबा शेजारी बसून ऐकत असतात. मला जे विचारायचंय ते या तिन्ही ठिकाणी विचारण्यासारखं नाही. म्हणून नाक्यावर शिधा आणणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती हे पाकीट देतेय.

मी दिवसभर नक्की करते काय, असं तू नववर्षाच्या जेवणाला विचारलं होतंस. ते आता सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपलं गाव उठवून खोऱ्यात बांधलेल्या कढईत, म्हणजे त्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीत, आकाशातलं जे ऐकू येतं ते तारेनं आमच्या संस्थेत येतं. त्यातून आम्ही झटके शोधतो. झटका म्हणजे कुठल्यातरी लांबच्या आकाशगंगेतून आलेला रेडिओलहरींचा फटकारा. पापणी लवते तेवढ्या वेळात असे शंभर बसतील. वाटेतल्या विरळ वायूतून येताना त्याच्या उंच पट्टीच्या लहरी आधी पोचतात आणि खालच्या पट्टीच्या मागे रेंगाळतात. किती रेंगाळल्या त्यावरून तो किती लांबून आला ते कळतं.

एप्रिलमध्ये आकाशातल्या एका ठिकाणाहून असा एक झटका आला. परत येतो का बघायला जूनपासून रोज चार तास कढई त्याच जागेवर लावलीय. जूनमध्ये आठ आले. आमचे त्सुइ सर इतके खूश झाले की त्यांनी जगभरच्या दुर्बिणींना कळवायचा मजकूरही लिहून ठेवला.

मी खूश नाही. कढईला तेरा कान आहेत आणि प्रत्येकाचा रोख आकाशात जरा वेगळ्या ठिकाणी आहे. लांबचा झटका एकाच कानाला ऐकू येतो, फार तर शेजारच्याला. हे आठ मात्र तेराच्या तेरा कानांना एकदम ऐकू आले. म्हणजे ते आकाशातून आलेले नाहीत, आपल्याच डोंगरातून आलेत. दिसायला मात्र खऱ्यासारखे, उंच पट्टीवरून खाली घसरणारे.

कढईभोवतीच्या शांत पट्ट्यात विजेचं काहीही न्यायला बंदी आहे, तरी तसलं काहीतरी कुणीतरी नेलंय. नाका तुझा, गस्त तुझी. गाजावाजा न करता शोधशील का? मला तुझी मदत हवी आहे. वेळांची यादी सोबत आहे.

छाइयुन

*

नाका, ९ जुलै

छाइयुन,

ड्रायव्हरने तुझं पाकीट तीन दिवस वाळक्या मिरच्यांच्या पोत्याखाली ठेवलं होतं. वाचताना सतरा शिंका आल्या.

आपल्या जुन्या गावापासून, नारोंगपासून, खिंडीपर्यंत दोन दिवस पायी फिरलो. रिकाम्या घरांत वटवाघळं आहेत, वीज नाही. वनरक्षकांचे वायरलेस बंद आहेत, मी स्वतः पाहिले. पण एक माणूस आहे. म्हातारा वेइ. आपल्या खालच्या अंगणाचा, पाण्याच्या पाटावरून ज्याने बाबांशी अकरा वर्षं बोलणं टाकलंय तोच. वसाहतीत आल्यापासून बॅटरीवरच्या दुचाक्या दुरुस्त करतो. पट्ट्याच्या कुंपणापासून दोनशे पावलांवर त्याने पत्र्याचं खोपटं टाकलंय. आत चार्जर, तारा, कसल्या कसल्या मोटारी. कुंपणाच्या बाहेर आहे, पण तुझ्या कढईला काय, शेजारच्या घरातली मांजरही ऐकू येत असेल.

मी विचारलं, "वेइकाका, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास इथे काय चालू असतं?"

म्हणाला, "तुझ्या बापाला विचार."

वाकडा माणूस. सरळ बोलायची सवयच नाही. उद्या खोपट्याला सील ठोकतो. तुझे झटके थांबतील.

बाबा मजेत आहेत. गुडघे कुरकुरतात. दिवसभर इमारतीखाली पत्ते खेळतात आणि हरले की तुझ्या नावाने ओरडतात, की तू शिकवलेले डाव चुकीचे आहेत.

दादा

*

ग्वेइयांग, १६ जुलै

दादा,

खोपट्याला सील दहा तारखेला लागलं ना? बारा आणि चौदा तारखेला आणखी दोन झटके आले. तेराही कानांत. आता दहा झाले.

दुसरी गोष्ट. एखाद्या ताऱ्यावर कढई लावली की तो रोज चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणून आमची वेळही रोज तेवढी अलीकडे सरकते. जूनच्या सुरुवातीला आम्ही सात ते अकरा बसायचो, आता चार ते आठ. आकाशातलं काही असतं तर तेही आमच्याबरोबर सरकलं असतं. पण हे दहाही झटके सात ते सव्वाआठच्या मधलेच आहेत. म्हणजे ही वस्तू तारे पाळत नाही, तिन्हीसांज पाळते.

तिसरी गोष्ट. "तुझ्या बापाला विचार" हे वेइकाकांचं बोलणं तू टोमणा म्हणून लिहिलंस. मी दोनदा वाचलं. मला ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर वाटलं.

रविवारी वहिनीशी बोलले. बाबांना फोन दे म्हटलं तर म्हणाली, "हल्ली ते सकाळी पाण्याची बाटली घेऊन निघतात ते जेवायलाच उगवतात, कधी तेही नाही." पत्ते खेळायला कुणी पाण्याची बाटली नेतं का?

आणि मे महिन्यात बाबांनी माझ्याकडून चार मोठ्या चार्जिंगच्या बॅटऱ्या मागवल्या होत्या. टॉर्चला, म्हणाले. वसाहतीच्या जिन्यात तर दिवे असतात. तेव्हा मी विचारलं नाही.

आता तुला विचारते. बाबा कुठे जातात?

छाइयुन

*

नाका, २२ जुलै

छाइयुन,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुला पगार आकाशाकडे बघायचा मिळतो की घरच्यांची झडती घ्यायचा?

अडुसष्ट वर्षांचा माणूस आहे. जमीन गेली, म्हशी गेल्या, पाचव्या मजल्यावर आणून बसवला. पाय मोकळे करायला बाहेर पडला तर त्याच्या पाण्याच्या बाटलीचा हिशेब तू शहरात बसून मागणार. बॅटऱ्या टॉर्चच्याच आहेत. जिन्यातले दिवे निम्मे बंद असतात, तू कधी चढून बघितलंयस? मागच्या वेळी आलीस तेव्हाही खालच्या उपाहारगृहातच भेटून गेलीस.

वेइ मला रस्त्यात बघून थुंकतो. त्याची गिऱ्हाइकं परत चाललीत. तुझ्या सांगण्यावरून केलं हे मी, लक्षात ठेव.

उरला प्रश्न तुझ्या दोन झटक्यांचा. खाणीकडे सुरुंगाचं काम चालू आहे, ते असेल. मी बघतो.

वहिनीने चार कणसं पाठवलीत. बाजारातली आहेत. उकडून खा, डोकं थंड होईल.

दादा

*

ग्वेइयांग, २८ जुलै

दादा,

कणसं उकडली. सालं सोलली आणि जांभळ्या रेघांचे दाणे दिसले. चिकट, दाताला धरून बसणारे, शेवटी जराशी तुरट चव. हा मका नारोंगच्या वरच्या तुकड्याशिवाय कुठे होत नाही. आपण गाव सोडलं त्या वर्षी आई बियाण्याची पिशवी उराशी धरून ट्रकमध्ये बसली होती आणि खाली आल्यावर तो कुठेच रुजला नाही. हे तुला माहीत आहे. तरी "बाजारातली" लिहिलंस.

बाबा वरच्या तुकड्यात मका करतायत. शांत पट्ट्याच्या मधोमध. आणि तिथे जायचा रस्ता एकच आहे, तुझ्या नाक्यातून.

आता मी काय लपवलं होतं तेही ऐक. झटके दहा नाहीत, तेरा आहेत. उरलेले तीन एकाच कानाला ऐकू आले, एप्रिलच्याच जागेवरून. तिघांचाही उशीर, म्हणजे खालच्या पट्टीचं रेंगाळणं, एप्रिलच्या झटक्याएवढाच, केसाचाही फरक नाही. तुमच्या दहांचा उशीर दर वेळी वेगळा असतो. हे तीन खरे आहेत, दादा. असे पुन्हा पुन्हा येणारे फार थोडे सापडलेत. आत्ताच कळवलं तर इतर दुर्बिणी तिकडे वळतील आणि तिथे काय आहे ते शोधता येईल. असे झटके अचानक थांबतात आणि मग वर्षानुवर्षं येत नाहीत.

पण त्सुइ सरांनी आता तेरा कानांचा तक्ता पाहिलाय. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घाईने एक झटका जाहीर केला होता आणि तो अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरातला निघाला. तेव्हापासून ते पोळलेत. काल म्हणाले, "याच जागेत दहा खोटे कुठून आले ते सांगता येत नसेल, तर तीन खरे आहेत हे तुझ्या तोंडून मी का ऐकावं? सगळंच टाकून दे." कारण शोधायला वीस ऑगस्टपर्यंत मुदत दिलीय.

तिथे कसली वस्तू आहे ते मला हवंय. आणि बाबांची ये-जा तुझ्या नोंदवहीत आहे का, तेही.

छाइयुन

*

नाका, ४ ऑगस्ट

छाइयुन,

नोंदवहीत नाही.

काल बाबांबरोबर वर गेलो. घराचा चौथरा अजून आहे, त्याच्यामागे दोन चटयांएवढा मका. शेजारच्या झाडाला दोरीने एक डबा बांधलेला. मी जवळ गेलो आणि त्यातून वाघाची डरकाळी आली, लाल दिवे लुकलुकले. रानडुकरं पळवायचा डबा आहे. समोर काही हललं की ओरडतो. डुकरं येतात दिवेलागणीला. तुझे सात ते सव्वाआठ.

मी दोन पावलं मागे सरकलो. बाबा हसले. "डुकरंही आधी अशीच घाबरायची. आता त्यातली दोन उभी राहून ऐकतात."

मी म्हणालो, "बाबा, हा डबा कढईला ऐकू जातो."

"वाघ आहे. ऐकू जायलाच हवा."

"छाइयुनचं काम बिघडतंय त्यानं."

ते कणसांची सालं चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, "तिनेच सांगितलं होतं, कढई आकाशाकडे बघते, आपल्याकडे नाही. मला वाटलं, मग काय हरकत आहे."

एप्रिलमध्ये ते पहिल्यांदा नाक्यावर आले तेव्हा खिशात बियाण्याची पुडी होती. म्हणाले, एकदाच बघून येतो. मी दांडा वर केला. दुसऱ्यांदाही केला. पिशवीत काय आहे ते कधी पाहिलं नाही, बघायचं नव्हतं म्हणून. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वेइचं नाव सुचलं. ते मी मुद्दाम केलं, हे तुला सांगून टाकतो.

डबा काढला आणि उतरताना खोल विवरात टाकून दिला. आता एकही झटका येणार नाही. तू "कारण सापडलं नाही, पण थांबलं" असं लिही ना. नाक्याची नोकरी गेली तर मी काय करू, वेइच्या हाताखाली पंक्चर काढू? आणि बाबांना कार्यालयात उभं करून चार पोरं जाब विचारतील, ते बघवेल तुला?

दादा

*

ग्वेइयांग, ९ ऑगस्ट

दादा,

मोडक्या छत्रीचा दांडासुद्धा तू सात वर्षं जपून ठेवलायस. चालू डबा विवरात टाकशील यावर माझा विश्वास नाही.

तो डबा त्याच जागी चालू करून कढईला ऐकवला आणि तीच घसरण दिसली, तरच ते दहा बाजूला काढता येतात. "कारण सापडलं नाही" हे तर मी आत्ताही लिहू शकते. त्याने तीनही जातील.

मी बॅटऱ्या मागवल्या हे मी सरांना सांगणारच आहे. तुझं काय ते तू ठरव. आणि वेइकाकांच्या खोपट्याला अजून सील आहे का? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

छाइयुन

*

घरून, १७ ऑगस्ट

छाइयुन,

डबा माझ्या कॉटखाली होता. ओळखलंस.

तुझं पत्र सुटीत घरी घेऊन आलो. बाबांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, काही नाही, बरी आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी आंघोळीला गेल्यावर वहिनीकडून ते वाचून घेतलं. सकाळी उठलो तर बाबा नाहीत आणि कॉटखाली डबाही नाही.

आधी ते वेइकडे गेले. पुढचं वेइनेच वहिनीला सांगितलं. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "वेइ, तुझं खोपटं माझ्यामुळे बंद आहे."

"वर तू काय बांधलंयस ते मला जूनपासून ठाऊक आहे. तुझा वाघ माझ्या दारापर्यंत ऐकू येतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या पोराला सांगितलं. त्याला ऐकायचं नव्हतं."

मग बाबांनी डबा पुढे केला. मी काढताना एक तार ओढून तोडली होती. वेइने ती डाग देऊन जोडली, बाबांना आपल्या दुचाकीवर मागे बसवलं आणि दोघं म्हातारे कढईच्या कार्यालयात गेले. वेइ बरोबर गेला तो एवढ्यासाठी, की बाबांना साहेबी भाषा जमत नाही. टेबलावर ठेवताना डबा ओरडला आणि कारकुनाच्या हातचा चहा फायलीवर गेला.

"हा वाघ माझा," बाबा म्हणाले. "माझ्या मुलीचे झटके खरे आहेत. हे तिच्या साहेबांना कळवा."

मुख्य साहेबांनी विचारलं, आत कसे गेलात? बाबा म्हणाले, "डोंगरातून. जुनी वाट आहे."

साहेबांनी मला फोन लावला. "तुमचे वडील जुन्या वाटेनं गेले म्हणतात. कुंपण तुटलंय का तिथे?"

त्या वाटेवर तारेचं कुंपण मी स्वतः ताणलंय, तीन वर्षांपूर्वी. ससाही जात नाही. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. बाबांनी माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं, फक्त मान डोलवायची होती. फोनच्या त्या टोकाला बाबांचा खोकला ऐकू येत होता.

मी म्हणालो, "नाही साहेब. माझ्या नाक्यातून गेले. सव्वीस वेळा. मी लिहिलं नाही."

साहेब म्हणाले, नोंदवही घेऊन या.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना खोटं पाडलं म्हणून.

दादा

*

ग्वेइयांग, १४ सप्टेंबर

दादा,

चोवीस ऑगस्टला डबा त्याच झाडाला बांधून चालू केला. मी इथे पडद्यासमोर होते. तेराही कानांत तीच रेघ उमटली, उंचावरून खाली घसरत. थंड बॅटरीवर डबा जागा होताना त्याच्या आतलं सर्किट असं घसरतं, आणि बॅटरी जितकी उतरलेली तितकी घसरण वेगळी. दहाच्या दहा जुळले. ते काढून टाकल्यावर तीन उरले आणि त्सुइ सरांनी त्यावर बोट ठेवायला जागा शोधली, दोन दिवस शोधली. मिळाली नाही.

एकोणतीस तारखेला सगळ्यांना कळवलं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूच्या एका दुर्बिणीने आठवडाभरात त्याच जागेवरून एकोणीस झटके पकडले. जागा इतकी बारकाईने कळली की युन्नानमधल्या काचेच्या दुर्बिणीने तिथला फोटो काढला. फोटोत एक अंधुक ठिपका आहे. लहानशी आकाशगंगा. आपल्याला ऐकू आलेला झटका तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर नुसते सूक्ष्म जीव होते. गेल्या सोमवारपासून ती जागा पुन्हा गप्प आहे. एक महिना उशीर झाला असता तर काहीच मिळालं नसतं.

मी सरांना बॅटऱ्यांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुला वडिलांचा संशय कधी आला?"

"जुलैच्या मध्यावर."

"आणि मला सांगितलंस ऑगस्टच्या मध्यावर. महिनाभर तू मला दुसऱ्या चोराच्या मागे धावू दिलंस."

लेखावर माझं नाव पाचवं आहे. पहिलं असणार होतं. पुढचे सहा महिने मी जुन्या नोंदी चाळणार, कढईच्या वेळेला बसायचं नाही. मी वाद घातला नाही. आभारांच्या यादीत बाबांचं आणि वेइकाकांचं नाव घालायचं मात्र मी भांडून मिळवलं.

एक राहिलंय. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझी मदत हवी आहे. ते पूर्ण खरं नव्हतं. नोंद न होता पट्ट्यात काही शिरायचं तर तुझ्याच हातून शिरणार, हे मला तेव्हाच सुचलं होतं. तू काय उत्तर देतोस ते बघायचं होतं.

छाइयुन

*

वसाहत, २२ सप्टेंबर

छाइयुन,

ते मला तेव्हाच कळलं होतं. तू लहानपणापासून मदत मागतेस तेव्हा यादी जोडत नाहीस. वेळांची यादी बघितली आणि समजलो, ही माझी तपासणी चाललीय. म्हणून तर इतकं गोड गोड लिहिलं होतं, मांजर वगैरे.

लेखाचा कागद वहिनीने बाबांना वाचून दाखवला. आपलं नाव कुठे आहे ते त्यांनी बोटाने दाखवायला लावलं आणि वेइचं आपल्या खाली आहे याची खात्री करून घेतली. आता दोघं खरंच पत्ते खेळतात, आणि दोघंही खोटं खेळतात. मक्याचा तुकडा कार्यालयाच्या माणसांनी उपटला. बाबांना पट्ट्यात कायमची बंदी आहे. आज सकाळी ते गच्चीवर कुंड्या मांडत होते. तिथे काही होईल असं मला वाटत नाही, पण मी माती चढवून दिली.

माझी नोकरी गेली नाही. नाका गेला. आता शिध्याच्या कोठारात पोती मोजतो, कोठार पट्ट्याच्या आत आहे, त्यामुळे रोज नाक्यातून जावं लागतं. नाक्यावर नवा माणूस कोण बसवला असेल? तारा, बॅटऱ्या, चार्जर ओळखणारा कुणीतरी हवा, असं साहेबांना वाटलं. वेइ निळा गणवेश घालून बसतो. टोपी त्याला मोठी होते.

काल पहिला दिवस. त्याने माझं नाव विचारलं, जन्मापासून माहीत असलेलं, आणि सावकाश नोंदवहीत लिहिलं. मग पिशवी मागितली. डबा, चटणी, टॉवेल, सगळं बाहेर काढून बघितलं, परत भरलं आणि माझ्या हातात दिली. मी निघालो तर म्हणाला, "थांब." माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, पिशवी परत घेतली आणि पुन्हा सगळं बाहेर काढलं.

त्याचं होईपर्यंत मी उभा राहिलो.

दादा